टाकणखारावरचा अनुस्वार

चवथीला आमच्या भागात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला नारळाची पेंड म्हणजे घोस, सुपारीचे शिपटे, तोरिंजन, लालभडक कवंडाळे आणि रानातली जी म्हणून फळे मिळतील ती टांगायची, असा रिवाज. नार्व्याच्या शेटांच्या घरी मात्र या सगळ्या फळांच्या मधोमध पांढऱ्या फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी लोंबत असे आणि तिच्यात टाकणखार असे. सोनार दागिन्याचा सांधा जोडताना जो पांढरा क्षार लावतात, तो. ही पुरचुंडी पहिल्यांदा टांगली ती मुकुंद शेटांनी, वयाच्या सातव्या वर्षी. वडील सोनार. त्यांनी मुलाचा कान पिळण्याऐवजी माटोळीकडे पाहिले आणि म्हणाले, "रावूं दी. लोकांचें फळ झाडाक लागता, आमचें शेगडेक."

मी ही हकिकत ऐकली तेव्हा मुकुंद शेट पन्नाशीला आले होते आणि पुरचुंडी अजून टांगत होते.

मी मूळचा पेडण्यातल्या हळर्णचा. डिचोलीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायला लागलो आणि नार्व्याला शेटांच्या अंगणासमोर भाड्याने राहिलो. शेट त्याच शाळेत प्रयोगशाळा साहाय्यक. घरचा धंदा थोरल्या भावाने, दत्ताराम शेटांनी, सांभाळला. त्यांचे डिचोलीच्या बाजारात दुकान होते. धाकट्याने वडिलांच्या दुकानातून एकच वस्तू उचलली, ती म्हणजे टाकणखार, आणि उभे आयुष्य तिच्यामागे घातले. मुले त्यांना टांकणशेट म्हणत. शेटांना ते ठाऊक होते. "नाव बरोबर आसा," असे ते एकदा मला म्हणाले, "फकत सूत्र उणें."

त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला चहा बीकरमधून दिला. बीकर उकळत्या चहाने भरला, तसाच थंड पाण्याच्या बाल्दीत बुडवला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. बीकर फुटला नाही.

"कित्याक फुटलो ना?" त्यांनी विचारले.

मी मराठीचा शिक्षक.

"काचेंत बोरॉन आसा, मास्तर. साद्या काचेक ऊन लागलें की ती फुगता, थंड लागलें की आकसता, आनी ह्या ओडाताणींत मरता. ही काच फुगनाच. शांत स्वभावाची. घेयात, च्या निवता."

हाच प्रयोग त्यांनी एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांसमोर केला. दुर्दैवाने त्या वर्षी पुरवठादाराने साधी काच पाठवली होती. साहेबांच्या पांढऱ्या विजारीवर चहाचा नकाशा उमटला. हेडमास्तरांना घाम फुटला. शेट मात्र जमिनीवरचे तुकडे उचलून उजेडात धरत प्रसन्नपणे म्हणाले, "पळयलें? हांवें म्हणिल्लें, ह्या काचेंत बोरॉन ना म्हणून!" असे त्यांनी कोणालाही म्हटलेले नव्हते.

बोरॉनवाचून जगात काही चालते, यावर त्यांचा विश्वास नव्हता. गावातल्या पोरांच्या कॅरम बोर्डावर बोरिक पावडर पडली, की शेट येऊन चिमूट उचलत, बोटांत चोळत आणि "हातूंत मैदा आसा" असा निकाल देत. झुरळांसाठी ते बोरिक पावडर, साखर आणि कणीक यांच्या गोळ्या वळून घरोघरी देत आणि पुढच्या आठवड्यात येऊन मेलेल्या झुरळांची चौकशी करीत. कोणी तोंड आले म्हणून जेवत नसेल, तर तव्यावर टाकणखार फुलवून त्याची लाही मधातून लावायला सांगत. आठवीच्या नव्या वर्गाला ते पहिल्या दिवशी काहीच शिकवत नसत. खिडक्यांचे पडदे ओढून बशीत थोडे स्पिरिट आणि बोरिक ॲसिड घेत आणि काडी लावत. ज्योत पोपटासारखी हिरवी होई. चाळीस मुले एकदम "आ" करीत. शेट म्हणत, "हें बोरॉन. नमस्कार करात." मुले खरोखर नमस्कार करीत.

एका गोष्टीत मात्र ते थट्टा खपवून घेत नसत. ती म्हणजे बाटलीवरची चिठ्ठी. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक बाटलीवर त्यांच्या वळणदार अक्षरातले लेबल असे. खाणीचे ट्रक रस्त्याने दिवसभर धावत आणि त्यांची तांबडी धूळ जनेलातून, म्हणजे खिडकीतून, येऊन लेबलांवर बसे. शेट दर शनिवारी ती पुसत आणि पुसट झालेले लेबल नव्याने लिहीत. "चुकीचें लेबल म्हणजे अर्दो खून," हे त्यांचे वाक्य शाळेच्या शिपायालाही पाठ होते.

या वाक्याचा फटका माझ्याही घराला बसला. एका उन्हाळ्यात माझ्या पत्नीने पापडांसाठी चार शेर उडदाचे पीठ भिजवले. त्याच दिवशी शेट आमच्या सोप्यावर बसून गेले होते आणि त्यांची टाकणखाराची पुडी कुठे तरी राहिली होती. पापडखारही पांढरा, टाकणखारही पांढरा. दुपारी शेट धावत आले. धोतराचा सोगा हातात, चपला कुठेच नाहीत.

"वयनी, तो खार पोटांत घालचो न्हय! पीठ उडय!"

पत्नी बिचारी घाबरली. चार शेर पीठ परसात पुरले गेले. मग शेटांनी शांतपणे उरलेला खार कुलेरीत घेतला, म्हणजे चमच्यात, आणि त्यावर लिंबू पिळले. फस्स करून फेस आला.

"हो पापडखार," शेट म्हणाले. "लिंबाक फेस येता तो पापडखार. टाकणखार लिंबाक विचारीना."

"म्हणजे मी बरोबर घातला होता?" पत्नीने विचारले.

"एकदम बरोबर," शेट कौतुकाने म्हणाले.

त्यांची स्वतःची पुडी त्यांच्याच खिशात सापडली. माझ्या पत्नीने त्यांना पुढे वर्षभर पापड वाढला नाही.

शेट अविवाहित होते. अंगण एक, घर एक, मधे एक भिंत. भिंतीच्या पूर्वेला दत्ताराम शेट आणि त्यांची पत्नी, म्हणजे शेटांचे दादा-वहिनी, पश्चिमेला मुकुंद शेट आणि त्यांच्या बाटल्या. जेवण मात्र पूर्वेलाच होत असे. दादा मितभाषी, कडक, बाजारात मान असलेला माणूस. संध्याकाळी दोघे भाऊ सोप्यावर बसत आणि तासभर काही बोलत नसत. एवढे समाधानी मौन मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

ते मौन मोडले, आणि त्याला कारण झाला एक अनुस्वार.

राजभाषा कोणती व्हावी, मराठी की कोंकणी, यावरून गोवा पेटला होता ते दिवस. शाळेच्या शिक्षकखोलीतही दोन टेबले झाली होती आणि दोन्ही टेबलांवर चहा वेगवेगळा येत होता. दादा मराठीच्या सभांना जात. मुकुंद शेट कुठल्याच टेबलावर बसत नसत. प्रयोगशाळेत बीकरमधून चहा पीत. अशात कोणाचे तरी लक्ष कपाटातल्या पहिल्या बाटलीकडे गेले. तिच्यावर शेटांनी लिहिले होते, "टांकणखार". 'टा'वर ठसठशीत अनुस्वार.

एका टेबलाचे म्हणणे, शुद्ध शब्द टाकणखार. हा अनुस्वार कोंकणीचा आहे, तो पुसावा. दुसऱ्या टेबलाचे म्हणणे, अनुस्वार आमचा आहे हे तुम्हीच कबूल केलेत, आता तो राहिलाच पाहिजे. प्रकरण हेडमास्तरांकडे गेले. त्यांनी मला, भाषेचा शिक्षक म्हणून, मत विचारले. मी चाचरत म्हणालो, की जुन्या मराठीतही तिथे अनुस्वार लिहीत असत, त्यामुळे एका परीने दोघांचेही बरोबर आहे. त्या दिवसापासून दोन्ही टेबलांनी माझ्याशी बोलणे सोडले.

शेवटी हेडमास्तर सर्वांना घेऊन प्रयोगशाळेत आले. "शेट, तुम्हीच सांगा. हा अनुस्वार मराठीचा की कोंकणीचा?"

शेट लेबल पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "सर, तो बापायच्या नाकाचो."

क्षणभर कोणाला काही कळेना. मग शेटांनी खुलासा केला. त्यांचे वडील तपकीर ओढत. नाक सदैव चोंदलेले. ते टाकणखार म्हणू लागले की नाकातून टांकणखार बाहेर येई. मुलाने जसा ऐकला तसा लिहिला. यावर दोन्ही टेबले एकत्र हसली आणि कित्येक दिवसांनी चहा एका किटलीतून आला. अनुस्वार राहिला.

पण असे वाक्य शाळेच्या फाटकाआड राहत नाही. दुसऱ्या दिवशी ते डिचोलीच्या बाजारात पोहोचले. दादांच्या दुकानात एक जुने गिऱ्हाईक येऊन म्हणाले, "शेटानू, बापायच्या नाकाचो टांकणखार आसा?" बाजूचे पानवाले हसले, कापडवाले हसले. दादांनी फळ्या लावल्या आणि भर दुपारी घरी आले. मी समोरच्या सोप्यावर होतो.

"मुकुंदा," दादा अंगणात उभे राहून म्हणाले, "तुका मराठी जाय, कोंकणी जाय, कितेंय धर. हांव विचारपाचो ना. पूण बापायचें नाक बाजारांत कित्याक व्हेलें?"

शेट काही तरी म्हणायला गेले. दादा आत निघून गेले होते.

त्या दिवसापासून भिंतीच्या पश्चिमेला स्टोव्ह पेटू लागला. शेट स्वयंपाकात अगदीच कच्चे. तांदूळ बीकरमधून मोजून घेत, पाणी मोजपात्राने घालीत आणि दर वेळी पेज होई. त्या वर्षी चवथीला ते दादांच्या दारात उभे राहिले, गणपतीला हात जोडले आणि प्रसाद हातात पडण्याआधीच परतले. माटोळीच्या मधोमध एक सुतळी नुसतीच लोंबत होती. मी विचारले तर म्हणाले, "शेजाऱ्यान आपलें सामान दुसऱ्याच्या माटोळयेक बांदचें न्हय."

याच सुमारास पूर्वेकडच्या माडाचा विषय निघाला. हा माड शेटांच्या वडिलांनी लावलेला, पण अंगणाच्या दादांच्या अंगाला. दोन वर्षे त्याची नवी झावळी उघडतच नव्हती. मिटलेल्या छत्रीसारखी गुंडाळून वर यायची, टोके आकड्यासारखी वळलेली. बोंडे सुपारीएवढी होऊन गळत. एके सकाळी दादांचा आवाज भिंतीवरून आला, "पाडेल्याक सांगलां. पावस सोंपलो की माड मारूंया. फुकट जागो आडायला."

पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा गडी; त्याच्याकडून माड तोडून घ्यायचा दादांचा बेत होता. शेट माझ्याकडे आले. एवढे अस्वस्थ मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"मास्तर, माडाक कितेंच जालें ना. बोरॉन उणें पडलां. पन्नास ग्रॅम टाकणखार, मुळांत, बस्स. पूण माड दादाचो."

"मग दादांना सांगा."

"दादा म्हज्याकडेन उलयना."

"मग वहिनींना सांगा."

शेट विचारात पडले. मग त्यांनी मला दुपारी दोनची वेळ दिली. दादा दुपारी दुकान बंद करून घरी जेवत आणि तासभर निजत. ही तासाभराची नीज आमच्याकडे कोणी कोणाची मोडत नाही.

शेटांनी वडिलांचा सोने तोलायचा छोटा काटा काढला. त्याच्या पारड्यात एका वेळी पाच ग्रॅमच मावत होते. त्यांनी दहा वेळा तोलले. मी म्हणालो, अंदाजाने मूठभर टाका. "मूठभर?" ते दचकले. "मास्तर, उणें जालें जाल्यार माड मरना, आजारी पडटा. चड जालें जाल्यार पानां जळटात. बोरॉनाक मोजून मोग करचो पडटा."

आम्ही चोरासारखे भिंतीच्या टोकाला वळसा घालून गेलो. शेट माडाच्या बुंध्याभोवती आळे उकरू लागले. मी पहारा देत होतो. म्हणजे माडाच्या आड लपलो होतो. इतक्यात स्वयंपाकघराचे जनेल उघडले आणि वहिनी दिसल्या. मी पळण्याच्या बेतात होतो.

"मुकुंदा," त्या हळूच म्हणाल्या, "बाल्दी भरून थंय दवरल्या. ह्यांचें घोरप बंद जालें जाल्यार हांव खोंकतां."

आतून दादांचे घोरणे अगदी नियमित चालले होते. शेटांनी टाकणखार आळ्यात पसरला, माती ओढली, पाणी घातले. मग बुंध्यावर तळवा ठेवून थोडा वेळ वर पाहत राहिले.

सहा महिन्यांनी आम्ही तेच पुन्हा केले. या वेळी आळे आधीच उकरलेले होते. कोणी, ते मी विचारले नाही. पाडेल्याला दादा बोलावू लागले, की वहिनी "चतुर्थी जावं दी, मगीर पळोवया" म्हणत. चतुर्थी झाली की "संकरात जावं दी".

मधे गोवा राज्य झाले. डिचोलीत दिव्यांच्या माळा लागल्या, शाळेत पेढे वाटले. हेडमास्तरांनी शेटांना काही तरी शोभेचे करायला सांगितले आणि शेटांनी अर्थातच आपली हिरवी ज्योत पेटवली. कोणी तरी संशयाने विचारले, "शेट, हो रंग कोणाच्या पक्षाचो?"

"बोरॉनाचो," शेट म्हणाले. या खेपेला त्यांनी वडिलांना मधे आणले नाही.

माडाची नवी झावळी त्या पावसाळ्यात उघडली. सरळ, रुंद, पंख्यासारखी. शेट रोज शाळेला निघताना क्षणभर थांबून वर पाहत आणि बस चुकवत. पुढच्या वर्षी बोंडे धरली आणि गळाली नाहीत. पाडेली आला, पण माड मारायला नव्हे. चवथीच्या आदल्या दिवशी त्याने हिरव्या नारळांची एक पेंड दोरीने सावकाश खाली सोडली. दादा खाली उभे राहून "सांबाळ, सांबाळ" म्हणत होते.

थोड्या वेळाने पूर्वेकडून दादांचा मोठा आवाज आला. ते पत्नीशी बोलत होते, पण गावाला ऐकू जावे अशा बेताने. "माटोळी बांदपाक एक हात उणो पडटा म्हण सांग कोणाक तरी!"

वहिनी अंगणात आल्या. शेट त्यांच्यासमोर तीन हातांच्या अंतरावर उभे होते. वहिनींनी गंभीरपणे निरोप पोहोचवला, "मुकुंदा, एक हात उणो पडटा."

शेट गेले. मीही मागोमाग गेलो. माटोळी जवळजवळ बांधून झाली होती. हात कसलाच कमी पडत नव्हता. मधोमध ती पेंड होती आणि तिच्याशेजारी, गेल्या दोन चवथींना रिकामी राहिलेल्या सुतळीला, पांढऱ्या फडक्यातली पुरचुंडी. तिला एक चिठ्ठी शिवलेली. दादा स्टुलावरून उतरत होते.

"अनुस्वार घातलो आसा," दादा भिंतीकडे पाहत म्हणाले. "बापायचो. पळयलो मरे?"

मी चिठ्ठी पाहिली. अनुस्वार होता, पण 'टा'वर नव्हता. 'क'वर पडला होता. टाकंणखार. भाषेच्या शिक्षकाला असे काही दिसले की हात शिवशिवतो. मी शेटांकडे पाहिले. ते चिठ्ठीकडे पाहत होते, मग पुरचुंडीकडे, मग स्टुलाची कड चाचपत बसलेल्या दादांकडे.

"बरोबर आसा, दादा," शेट म्हणाले.

त्या दिवसापासून पश्चिमेकडचा स्टोव्ह चहापुरताच पेटू लागला.

विसर्जन झाल्यावर माटोळी उतरवली आणि फळे वाटली. शेटांच्या वाट्याला पुरचुंडी आली. मी त्यांच्या मेजापाशी बसलो होतो. त्यांनी ती सोडली, चिमूट उचलून बोटांत चोळली आणि थांबले. मग कुलेर घेतली, चिमूट तिच्यात टाकली आणि लिंबाची फोड पिळली.

फस्स करून फेस आला.

"पापडखार!" मी म्हणालो.

शेट त्या फेसाकडे तो बसेपर्यंत पाहत राहिले. "दादा टाकणखार नुसतो पळोवन वळखतालो," ते म्हणाले. "हात लायनासतना. आनी हो... रांदचेकुडींतलो पापडखाराचो डबो काडलो आसतलो. दुकानांत आतां कोण बसता, मास्तर?"

मी म्हणालो, की हल्ली दुकान बहुधा बंदच असते. गिऱ्हाईक नाही म्हणतात.

"गिरायक आसा. दादाक दिसना." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "दोन वर्सां भिंतीच्या पलतडी बसून हांव लेबलां पुसतालो. आनी दादाक दिसना, हें म्हाका कळूंक ना."

शेट उठले. कपाटातून एक रिकामी बाटली काढली, धुतली, फडक्याने कोरडी केली आणि पुरचुंडीतला खार शेवटच्या कणापर्यंत तिच्यात झटकला.

"सोमारा म्हापशां वतां. दोळ्यांचो दोतोर बरो आसा थंय. दादाक व्हरतां." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्या खाराचें दादाक सांगचें न्हय."

त्यांनी लेबलाचा कागद कापला, दौत उघडली आणि टाक बुडवला. मला राहवले नाही.

"शेट, चुकीचें लेबल म्हणजे—"

"जाणां," शेट म्हणाले.

आणि दादांची चिठ्ठी समोर ठेवून, त्या पापडखाराच्या बाटलीसाठी त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात टाकणखार लिहिले. अनुस्वारापाशी टाक क्षणभर थबकला. मग तो त्यांनी 'क'वरच दिला.